सगुणाची जागा

ही गोष्ट फार फार जुनी. तेव्हा गुरं माणसांशी बोलत, आणि त्याहून नवल म्हणजे माणसं त्यांचं ऐकूनही घेत.

एका डोंगराच्या पायथ्याशी भिवबा नावाचा गुराखी राहायचा. दावणीला तीस गाई आणि घरात बायको, सगुणा. कुरण मोठं होतं. सगुणाने दगडांच्या ओळी मांडून त्याचे चार भाग केले होते. गुरं एका भागात आठ दिवस चरायची, मग पुढच्या भागात जायची. फिरून पहिल्या भागात येईपर्यंत तिथलं गवत पुन्हा वाढलेलं असायचं. निघताना सगुणा मातीला हात लावून म्हणायची, "येते गं." घरातून निघताना आपण कुठे 'जाते' म्हणतो? तसाच ती कुरणाचाही निरोप घ्यायची.

गवत वाळू लागलं की ती प्रत्येक गाईला ओंजळभर भिजवलेली पेंड आणि मिठाचा खडा द्यायची. कवडी नावाची आईवेगळी कालवड तर तिने स्वतःच्या हाताने दूध पाजून वाढवली होती. कवडी गाभण राहिली तेव्हा सगुणा हरखून गेली. "हिचं वासरू मला डोळ्यांनी बघायचंय," असं सारखं म्हणायची.

ते तिच्या नशिबात नव्हतं. आषाढात तापाचं निमित्त झालं आणि सगुणा गेली.

पहिल्या भागात बोरीचं एक झाड होतं. त्याखाली बसून दोघं भाकरी खायची. भिवबा गुरं घेऊन तिथे गेला, आणि तिथून त्याचा पाय निघेना. आठ दिवस गेले, महिना गेला. झाडाखाली बसलं की वाटायचं, ती पाण्याला गेलीय, आत्ता येईल. वेड्या मनाला कोण समजावणार?

कोंब वर आला की गुरं तो खुडायची. पावसाळा सरता सरता माती उघडी पडली.

शेजारच्या म्हाताऱ्याने हटकलं, "भिवबा, पलीकडं गवत कमरेला लागलंय. गुरं तिकडं ने की!"

"पेंड घालतोय ना पाट्या भरून," भिवबा तुटकपणे म्हणाला.

पण कवडीच्या बरगड्या दिसू लागल्या. तिला उठताना धाप लागायची. शेवटी एके दिवशी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, पेंड म्हणजे आमची चटणी. नुसत्या चटणीवर पोट भरतं का? भाकरी म्हणजे गवत."

भिवबा मान खाली घालून बसला. "इथून गेलो, तर ती सुटेल गं माझ्या हातून."

"आईने ही जागा आठ दिवसांच्या वर कधी अडवली नाही. तू तिच्या आठवणीत बसतोस, आणि आम्ही तिचं कुरण मुळासकट खातोय. माझ्या पोटातलं वाचलं नाही, तर तिला काय सांगशील?"

भिवबा ढसाढसा रडला. मग उठला आणि गुरं दगडांच्या ओळीपलीकडे नेली. तिथलं गवत उंच पण राठ झालं होतं. त्याला ओंजळभर पेंडीची आणि मिठाच्या खड्याची जोड दिली. हळूहळू कवडीच्या अंगावर तजेला आला. फाल्गुनात तिला पांढरी कालवड झाली. भिवबाने तिचं तोंड पुसलं आणि एकटाच कितीतरी वेळ तिच्याशी सगुणाबद्दल बोलत बसला.

बोरीकडे मात्र तो फिरकला नाही. लांबून रोज बघायचा. जीव तुटायचा, पण जायचा नाही.

पुढच्या वर्षी श्रावण सरल्यावर त्याने गुरं तिथे नेली. गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं. सगुणा बसायची तिथेही उगवलं होतं, आणि कवडीच्या लेकीने पहिला घास तिथलाच घेतला.

नवव्या दिवशी सकाळी भिवबाने मातीला हात लावला. "येतो गं," तो म्हणाला आणि डोळे पुसत पुढच्या भागाकडे निघाला.

मुलांनो आणि मोठ्यांनो, बोध इतकाच: ज्या जागेवर आपला जीव जडतो, तिला वेळेवर मोकळं सोडावं, तरच परत यावं असं तिथे काही उरतं.