डॅशबोर्डची लाल पट्टी

गाडीचे भाग आपापसांत बोलत, त्या काळची गोष्ट. दमयंतीबाई आपल्या जुन्या गाडीत लोकांना ड्रायव्हिंग शिकवत. डॅशबोर्डवरच्या पट्टीला आपल्या ओरखड्यांची फार लाज वाटे. एकदा बाईंनी तिच्यावर लाल रंग फवारला. हवा तेव्हा सालीसारखा सोलून काढता येईल असा तो रंग होता. पट्टी झळकू लागली, पण त्याच दिवशी तिच्या मनात भीती शिरली. कुणाचं नख लागलं तर? एखादा कोपरा सुटला तर? कुणाचाही हात जवळ आला की ती जीव मुठीत धरून बसे.

"तुला नाही भीती वाटत?" तिनं झिजलेल्या स्टिअरिंगला विचारलं.

"माझं कुणी काय सोलणार, बाई?" स्टिअरिंग म्हणालं.

एके दिवशी पन्नाशीच्या हौसाबाई गाडी शिकत होत्या. अचानक समोर बैल आला. त्यांनी करकचून ब्रेक दाबला आणि घाबरून एका हातानं पट्टी धरली. नखात कोपरा अडकला आणि सगळा रंग टरटर निघून आला.

आता सगळे हसणार, म्हणून पट्टी गोठून गेली. पण कुणीच हसलं नाही. हौसाबाईंचा हात अजून तिच्यावरच होता आणि तो थरथर कापत होता. आजवर इतके हात आले, पण तेही घाबरलेले असतात हे पट्टीला आज पहिल्यांदाच जाणवलं.

"घाबरू नका," ती हळूच म्हणाली, "धरा मला घट्ट."