दुमजली घराचे विद्याकर्ज

एकदा एका नगरात तांब्याच्या भांड्यांचा एक व्यापारी राहत होता. त्याची मुलगी एका वृद्ध आचार्यांची शिष्या होती आणि तिला वैद्यक शिकण्यासाठी दूरच्या विद्यापीठात जायचे होते. राजाच्या खजिन्यातून विद्यार्थ्यांना साहाय्य मिळत असे. परंतु अधिकाऱ्याने व्यापाऱ्याचे दुमजली घर पाहिले आणि 'गरज दिसत नाही' असा शेरा मारला. घर होते, दुकान होते, हाती रोकड मात्र नव्हती. अशा माणसाला दान मागता येत नाही आणि खर्चही पेलत नाही.

नेमक्या अशा वेळी मदतीला धावणारा कोणीतरी हजर होतो. त्याला कधी उशीर झाल्याचे मी ऐकलेले नाही. एका पेढीचा मालक आपण होऊन घरी आला.

"शेठ, तुमच्याकडे गरजेचा दाखला कोण मागतो? लागेल तेवढे घ्या. शिक्षण होईपर्यंत एक दमडी भरायची नाही. आम्हाला विद्येची कदर आहे."

व्यापारी हरखला. शिष्या मात्र आचार्यांना बोलावून घेऊन आली. पेढीवाल्याने कागद पसरले आणि विचारले, "विद्यार्थी कोण?"

मुलगी पुढे होणार, तोच आचार्य म्हणाले, "मी."

आचार्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते आणि काठीशिवाय त्यांना ओसरी चढवत नसे. पेढीवाल्याने एकदा मान वर केली, मग त्यांचे नाव लिहून घेतले. "शेठ, मागचे अंगणही तुमच्याच मालकीचे ना? मग जामीन म्हणून इथे सही करा."

"विचार करून कळवतो," म्हणत आचार्यांनी कागद परत केले. पेढीवाला गेल्यावर शिष्येला रडू आवरेना. "आचार्य, माझी वाट तुम्हीच का अडवलीत?"

"बाळ, विद्येची कदर असती तर त्याने या पांढऱ्या केसांना एक तरी प्रश्न विचारला असता. तो कर्ज तुला देत नव्हता, या घराला देत होता. 'गरज नाही' या शेऱ्याचा अर्थ त्याने बरोबर लावला: इथे गमावण्यासारखे काहीतरी आहे. आणि शिक्षण होईपर्यंत भरायचे नाही म्हणाला. तोवर व्याज चढणार नाही, असे कुठे म्हणाला?"

"मग मी जाऊच नको?"

"जा की. गरज न पाहता मिळणारे कर्ज खजिन्यातही आहे. खजिनाही काही दानधर्म करत नाही, व्याज पहिल्या दिवसापासून लावतो. पण तसे तोंडावर सांगतो, रक्कम बेताची देतो आणि सही तुझी घेतो. उरलेले दुकानातून भागते का ते बापलेकीने बसून पाहा. नाही भागले, तर जवळचे विद्यापीठ शोधा."

व्यापारी खाली मान घालून म्हणाला, "मी तर लेखणी उचललीच होती."

दुसऱ्या दिवशी शिष्या खजिन्यात गेली. सही करण्यापूर्वी तिने विचारले, "व्याज कधीपासून?"

"आजपासून," कारकून म्हणाला.

पेढीवाल्याचे गोड बोलणे ऐकताना वाटली नव्हती, ती भीती तिला आता वाटली. जेवढी रक्कम मिळू शकत होती, तिच्या निम्मीच तिने कागदावर लिहिली आणि खाली स्वतःची सही केली.