दळण्याआधीचा थेंब

एकदा एका गृहस्थाने हट्ट धरला, की आपल्या घरी कॉफी दळायची आणि ओट्यावर तिचा एक कणही सांडू द्यायचा नाही. वरवर पाहता हा हट्ट अगदी किरकोळ. पण मोठमोठ्या संकल्पांनी माणसे जितकी दमत नाहीत, तितकी अशा किरकोळ हट्टांनी दमलेली मी पाहिली आहेत. म्हणून ही हकीकत सांगावीशी वाटली.

गृहस्थाचे नाव जयवंत. सोलापुरात टॉवेलच्या एका कारखान्यात तो मालाची तपासणी करी. शंभर टॉवेलांच्या थप्पीतला एक निसटलेला धागा त्याच्या नजरेला नेमका सापडे, आणि सापडला की तो गप्प बसत नसे. कारखान्यात या गुणाचे मोठे कौतुक होते. घरी जरा कमी होते.

त्याची एकुलती एक मुलगी शाल्मली पुण्याला अभियांत्रिकी शिकत होती. दिवाळीला ती घरी आली, तेव्हा तिने पाठीवरची बॅग उतरवण्याआधीच जयवंताने निकालाचा विषय काढला. दोन विषय राहिले होते. का राहिले, कसे राहिले, अभ्यास होत होता की नव्हता, प्रश्नावर प्रश्न झाले. आवाज चढले. पाडव्याच्या सकाळी मुलगी पुण्याच्या बसमध्ये बसून निघून गेली.

ती गेल्यावर जयवंताला फार वाईट वाटले. तो तिला रोज फोनवर लांबलचक मजकूर पाठवू लागला. त्यात वर माफी असे, आणि माफीच्या खाली, आपले म्हणणे मुळात कसे बरोबर होते याचे सविस्तर विवेचन असे. शाल्मलीचे उत्तर दोन शब्दांचे येई: 'ठीक आहे.'

फेब्रुवारीच्या अखेरीस तिने आईला फोन केला. म्हणाली, "पुढच्या रविवारी येते, दोन दिवस. पण बाबांनी पुन्हा तेच सुरू केलं ना आई, तर यापुढे सुट्टीतसुद्धा मी पुण्यातच राहीन." आईने, म्हणजे वृंदाताईंनी, निरोप जसाच्या तसा नवऱ्याच्या कानावर घातला. मुलगी आपल्याला हे खरोखर करून दाखवील, हे जयवंताला पक्के ठाऊक होते, कारण स्वभाव त्याचाच उचलला होता तिने.

दुसऱ्या दिवशी तो कॉफी दळायचे यंत्र घेऊन आला. शाल्मलीला पुण्यात ताज्या दळलेल्या कॉफीची गोडी लागली होती, एवढे त्याला माहीत होते. काय बोलावे हे न सुचलेला बाप दुकानात जातो, त्यातलाच हा प्रकार. पण एकदा मनावर घेतल्यावर जयवंत मागे हटणारा नव्हता. रविवारपर्यंत हात बसलाच पाहिजे, असा निश्चय करून तो रोज सकाळी ओट्यापाशी उभा राहू लागला.

यंत्राने मात्र त्याची पार दैना केली. पूड खालच्या प्लास्टिकच्या डब्यात पडायची, ती डब्याच्या अंगाला चिकटून बसे. डबा उलटा करून आपटला तरी निम्मी आतच. उरलेली निम्मी झाकण उघडताच उडे आणि ओट्यावर, टाइल्सवर, जयवंताच्या सदऱ्यावर जाऊन बसे. दाण्यांची ती फोलासारखी पातळ साल बोटाने झटकावी तर बोटालाच येऊन चिकटे. जयवंताने कोरडे फडके घेऊन डबा घासला. अधिक चिकटली. त्याने आणखी जोर लावून घासला. मग ओल्या फडक्याने भिंत पुसली, तर पांढऱ्या टाइल्सवर काळपट ओघळ उमटले. आठ दिवस हेच चालले.

"ओटा आहे का कोळशाची वखार?" वृंदाताई म्हणाल्या. "दुकानातून तयार पूड आणा की. त्यात काय कमीपणा आहे?"

"नाही," जयवंत म्हणाला. "जमेपर्यंत करायचं."

शनिवारी सकाळी गुंडेराव मास्तर घरी आले. पंचवीस वर्षांपूर्वी जयवंत सूतगिरणीत उमेदवार म्हणून लागला, तेव्हा सुताची पारख तो या मास्तरांच्या हाताखाली शिकला होता. गिरणी केव्हाच बंद पडली. मास्तर ऐंशीच्या घरात गेले. पण जयवंताच्या लेखी ते अजून मास्तरच होते आणि दर शनिवारचा त्यांचा चहा याच घरी ठरलेला होता.

दारातूनच त्यांनी ओटा पाहिला. भिंतीवरचे ओघळ पाहिले. फडक्याने डबा घासत असलेला आपला शिष्य पाहिला.

"काय करायलास रे हे?"

जयवंताने सगळे सांगितले. यंत्राचे सांगता सांगता मुलीचेही सांगून झाले. उद्या अकराच्या बसने ती येणार, आणि तिच्यासमोर अशी वखार मांडून चालणार नाही. "मास्तर, या वेळी काही चुकून चालणारच नाही," तो म्हणाला.

मास्तरांनी वाटीभर दाणे पुढ्यात ओढले. मग नळ सोडला, चमच्याचा दांडा धारेखाली धरला, झटकला, आणि तो ओला दांडा ते सरळ दाण्यांत फिरवू लागले.

जयवंताने घाईघाईने त्यांचा हात धरला. "अहो मास्तर, पाणी! यंत्रात पाणी गेलं तर पाती गंजतील. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय."

"दळ," मास्तर म्हणाले.

शिष्याने नाइलाजाने दाणे ओतले आणि कळ दाबली. यंत्र थांबल्यावर त्याने धास्तीने झाकण काढले. पूड डब्याच्या तळाशी मुकाट ढीग करून बसली होती. डब्याचे अंग स्वच्छ होते. उडण्यासारखे काही नव्हतेच. जयवंत त्या ढिगाकडे पाहतच राहिला. आठ दिवसांची मेहनत एका ओल्या चमच्याने निकालात काढली, याचा त्याला थोडा रागही आला असावा.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

मास्तर खुर्चीवर टेकले. "नरसव्वाने," ते म्हणाले. "ती तू यायच्या आधी आमच्याकडे होती. सूत गुंडाळण्याच्या खात्यात चाळीस बायका, त्यातली एक. मी तेव्हा नवा मास्तर. मार्च महिना, हवा कोरडी ठणठणीत. सूत तुटायलंय, तंतू उडून यंत्राला चिकटायलेत. मी काय केलं? बायकांना म्हटलं, घासा. दर तासाला यंत्र घासा. जेवढं घासायचं, तेवढं जास्त चिकटायचं. घर्षणानं वीज येते रे त्यात. थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं ना, तीच ती."

"मग?"

"एक दिवस सकाळी यंत्रं सुरू व्हायच्या आधी बघतो, तर ही बाई कॅनने जमिनीवर पाणी शिंपडायली. मला बघून ती पुढं आली, तर मी चाळीस जणींसमोर ओरडलो तिच्यावर. पाणी? यंत्रापाशी? अक्कल आहे का? तिने कॅन खाली ठेवला आणि गप जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी एवढं सूत तुटलं, की शेवटी मीच तो कॅन उचलला. हवेला जरा ओल मिळाली आणि सूत चालायला लागलं. संध्याकाळी मी तिची माफी मागायला गेलो. ती काय म्हणाली माहिताय? 'माफी कशाला ओ साहेब. मी सकाळी सांगायलाच आल्ते.'"

मास्तरांनी ओट्यावरच्या चमच्याकडे पाहिले. "पुढे अकरा वर्षं आम्ही एकाच खात्यात होतो. कामापुरतं बोलायची. त्याउपर एक शब्द नाही. तेवढं मात्र मला आजपर्यंत सलतंय."

वृंदाताईंनी चहाखालचा गॅस बारीक केला.

मास्तरांनी भिंतीवरच्या ओघळांकडे बोट केले. "पाणी तूही वापरलंस जयवंता. पण पूड उडून बसल्यावर. तेव्हा त्याचा चिखलच होतो. तेच पाणी आधी, आणि एकच थेंब. दोन चमचे ओतलेस तर दाणे चिकटून बसतील, यंत्र अडेल. तेही कामाचं नाही."

जयवंताची नजर डब्यावरून हलली नाही. "म्हणजे उद्या मी तिला काही विचारूच नको?"

"असं कुठं म्हणालो मी?" मास्तरांचा आवाज एकदम करडा झाला. "बाप आहेस, विचारायलाच पाहिजे. न दळता कॉफी होत नसते. विचार की, सरळ विचार. पण आधी थेंब. आणि तो खरा पाहिजे. गोड बोलायचं म्हणून बोललास, तर तिला लगेच कळंल. तुझीच पोरगी आहे."

रविवारी अकराची बस पाऊण तास उशिरा आली. शाल्मली घरात शिरली, आईला भेटली, आणि पाठीवरची बॅग तशीच ठेवून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. तिचा चेहरा आधीच घट्ट झाला होता. जयवंत ओट्यापाशी होता. त्याने चमच्याचा दांडा नळाखाली धरला, झटकला आणि दाण्यांत फिरवला. आठ दिवसांत त्याने पहिले वाक्य वीस प्रकारे घोकले होते. त्यातले एकही या वेळी आठवेना.

"चार वेळा फाटकापर्यंत जाऊन आलो," तो म्हणाला. "बस उशिरा आली ना. मला वाटलं, तू येतच नाहीस."

शाल्मलीने बॅग उतरवून खाली ठेवली.

यंत्र फिरले. त्याचा आवाज बंद झाल्यावर जयवंत तिच्याकडे वळला. "मला तुला ते विचारायचं आहे," तो म्हणाला. "विचारल्याशिवाय मला राहवणार नाही. पण मध्ये बोलणार नाही. त्या दोन विषयांचं काय झालं?"

मुलगी स्टूल ओढून बसली. वर्गात काय शिकवतात ते तिला पहिल्या सत्रापासूनच उमजत नव्हते. सगळ्यांना येते आणि आपल्यालाच येत नाही, या लाजेने तिने कोणाला विचारले नव्हते. मग हळूहळू तिने तासांना बसणे सोडले. इतके सगळे ती एका दमात बोलली आणि थांबली. जयवंताच्या तोंडाशी तीन प्रश्न आले होते. ते त्याने मोठ्या कष्टाने परत लोटले.

"तुला हे आधी सांगावंसं नाही वाटलं?" एवढेच त्याने विचारले, तेही अगदी हळू.

"बाबा," शाल्मली म्हणाली, "दिवाळीला मी सांगायलाच आले होते."

जयवंताला नरसव्वा आठवली. पाडव्याची ती सकाळ आठवली. त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तो डब्याकडे वळला, त्याने झाकण घाईने ओढले, आणि चिमूटभर पूड ओट्यावर सांडली. सवयीने त्याचा हात फडक्याकडे गेला. मग त्याने तो मागे घेतला, दुसरे स्टूल ओढले आणि मुलीसमोर बसला.

"सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांग. काय काय उमजत नाही ते."

कॉफी झाली, पिऊन झाली, दुपारचे जेवण लांबले. वृंदाताई दोनदा ओट्यापाशी आल्या आणि दोन्ही वेळा ती सांडलेली पूड त्यांनीही तशीच राहू दिली.