दबक्या पावलांचा वारा

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा दुपारी लांबलचक असायच्या आणि माणसं गप्पांना कंटाळत नसत.

एका राजाला समुद्राची भारी हौस. कुणा गावकऱ्याने त्याला सांगितलं, "महाराज, आमचं तळं म्हणजे समुद्रच!" झालं! राजाने मोठं गलबत बांधलं, बैलांकरवी ओढत तिथे नेलं आणि पाण्यात लोटलं. ते चिखलात रुतून बसलं. लोक खो-खो हसले.

राजा लालबुंद झाला. त्याने दवंडी पिटवली, "यापुढे जे जसं आहे, तसंच बोलायचं! 'सारखं' नाही, 'जणू' नाही, वाढवून सांगणं तर मुळीच नाही!" त्या दिवसापासून आज्यांच्या गोष्टी चार वाक्यांत आटपू लागल्या.

पुढे राजाला मुलगी झाली. बारशाला बायका जमल्या, पण मोती, चांदणी अशी नावं ठेवायची सोय नव्हती. पोर काही खरोखरीची चांदणी नव्हे! म्हणून नाव ठेवलं 'मुलगी'. पाळणाही नियमाला धरून म्हटला, "हा पाळणा लाकडाचा, दोरी सुताची."

पोर टक्क जागी. झोपेना, दूध पिईना. दिवसेंदिवस वाळत चालली. वैद्यांनी हात टेकले.

एका संध्याकाळी म्हातारी दाई म्हणाली, "महाराज, आता तुम्हीच घ्या हिला. माझ्याजवळचे नियमातले शब्द संपले."

राजा तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरू लागला. आभाळ जांभळं होत होतं, कडुनिंब हलत होता. तिचा इवलासा हात त्याच्या मानेला थंडगार लागला. नकळत तो बोलून गेला, "रडू नको गं, माझ्या सोन्या. बघ, वारा दबक्या पावलांनी तुला भेटायला आलाय. चांदोमामा कौलांवरून डोकावतोय. त्याने झोप आणलीय, सात डोंगरांना पुरेल एवढी."

पोरीने जांभई दिली. हळूहळू डोळे मिटले.

दाईने विचारलं, "महाराज, वाऱ्याला पाय असतात?"

"नसतात, दाई." राजाचे डोळे भरून आले. "पण माझी माया मी एरवी कशी सांगणार होतो? त्या गावकऱ्याने तळं मोजून दिलंच नव्हतं. त्याला ते किती आवडतं, एवढंच तो सांगत होता. आणि मी मेला गलबत घेऊन गेलो!"

उठल्यावर पोर पोटभर दूध प्यायली. दवंडी मागे घेतली गेली. पुन्हा बारसं झालं आणि राजकन्येचं नाव ठेवलं झुळूक.

ती चालू-बोलू लागल्यावर राजा तिला त्या तळ्यावर घेऊन गेला. रुतलेल्या गलबतावर बगळे बसले होते.

"आबा, केवढा समुद्र!" झुळूक ओरडली.

"हो ना गं," राजा म्हणाला, आणि तिच्याशेजारी काठावर बसला.

तात्पर्य : बोलणाऱ्याचे शब्द मोजत बसू नये, त्यामागचं मन ओळखावं.