सरकारांच्या नाकावर पाय

दसऱ्याच्या सकाळी उंबरटाकळी संस्थानच्या राजाची हवा गेली! म्हणजे राजाच्या सायकलची. डोक्यातली होती तिथंच होती.

श्रीमंत हैबतरावांना हत्ती परवडत नव्हता आणि घोडा त्यांना जवळ येऊ देत नव्हता, म्हणून सीमोल्लंघनाला ते सायकलवरून जात. दुपारचा मुहूर्त, वेशीवर सगळी रयत आपट्याची पानं घेऊन उभी, आणि इकडे मागचं चाक पार बसलेलं!

पंप होता. पण कसला पंप! तीन वर्षांपूर्वी तालुक्याच्या सायकलवाल्यानं हात जोडून सांगितलं होतं, "सरकार, घरच्या वापराला हा उभा लोखंडी न्या. खाली पाय ठेवायला रुंद पट्टी आहे, दांडी लांब आहे, कंबर मोडत नाही. तो छोटा पंप वाटेत अडल्यावर ठीक."

"लोखंड? आणि आम्ही?" हैबतराव गरजले. त्यांनी त्या लोखंडावर चांदीचा मुलामा चढवून घेतला. एवढ्यावर थांबते तर ते हैबतराव कसले! पाय ठेवायच्या पट्टीवर त्यांनी स्वतःचं तोंड कोरून घेतलं. मिशांसकट!

पंपावर कोंडिबा नावाचा नोकर होता. हवा भरतो म्हणून वाड्यात त्याला हवालदार म्हणत. खऱ्या हवालदाराला ते फार झोंबायचं.

त्या सकाळी कोंडिबा दांडी दाबून दाबून घामाघूम झाला होता. तेवढ्यात मागून सरकार आले आणि बघतात तो काय! हवालदाराचा उजवा पाय थेट त्यांच्या कोरलेल्या तोंडावर!

"आमच्या तोंडावर पाय? टाका याला कोठडीत!"

टाकला. मग हवा कोण भरणार? दिवाणजींनी पंपाला मिठी मारली, सेनापतींनी दांडी दाबली. पंप उसळला, मूठ दिवाणजींच्या हनुवटीवर बसली, पागोटं घरंगळत हौदात गेलं. चाक होतं तसंच राहिलं.

"सरकार, पंप बिघडलाय. नवा आणावा," दिवाणजी हनुवटी चोळत म्हणाले.

"चांदीचा पंप बिघडतो होय? तुमचे हात बिघडलेत! मुहूर्ताच्या आत याच पंपानं हवा भरायची. नवा पंप आणायचा नाही, आतलं काही बदलायचं नाही, आणि प्रजेतल्या कुणाचा पाय आमच्या तोंडाला लागायचा नाही!"

दिवाणजींनी सेनापतींकडे पाहिलं. सेनापतींनी आभाळाकडे पाहिलं.

एवढ्यात कोंडिबाची बायको गोजरा पदर खोचून अंगणात आली. नवऱ्याची बातमी तिच्या कानावर गेली होती.

"म्या भरून दाविते, सरकार. चाक भरलं तर आमच्या धन्यास्नी सोडायचं."

"आणि नाही भरलं तर? आजचं सीमोल्लंघन तुम्ही दोघं कराल! वेशीबाहेर जायचं, ते परत यायचं नाही!"

गोजराचं खोपटं, दोन शेळ्या, म्हातारी सासू, सगळं वेशीच्या आतच होतं. पण भ्यायलं की माणूस चुकतं, हे तिला ठाऊक होतं.

"सरकार, मिशीला तेल कितींदा लावता?"

"दिवसातून तीनदा! खोबरेल!"

"आन न्हाई लावलं तर?"

"कोरडी पडते. पीळ धरत नाही."

"मंग ह्या पंपाला कवा लावलं?"

"अगं, कालच खंडेनवमीला हळदकुंकू वाहिलंय!" दिवाणजी मध्येच म्हणाले. "झेंडूचा हार घातलाय! चांदी तर रोज चिंचेनं घासतो!"

"भाईर हार आन पोटात उपास!" असं म्हणत गोजरानं पंपाचं झाकण फिरवून दांडी उपसली. टोकाला चामड्याची वाटी होती, वाळल्या सुपारीसारखी सुकलेली. "ही नळीला घट्ट बसली तर हवा म्होरं जाती. सुकली की हवा बाजूनं पळती. धनी तीन वरसं तेल मागत्यात, आन कोठीवाले म्हनत्यात, चांदीला डाग पडंल!"

कोठीवाले दिवाणजींच्या मागे सरकले. गोजरानं सरकारांच्या मिशीच्या तेलाची बाटली मागून घेतली, वाटी तेलानं चोळून मऊ केली आणि दांडी पुन्हा आत बसवली.

"पंप त्योच, वाटी तीच. आता पाय पायजे."

"खबरदार! कुणाचा पाय?"

"सरकार, तुमच्या मिशीला पीळ कोण देतं?"

"आम्हीच!"

"दुसऱ्यानं हात लावला तर?"

"हात तोडू! आमची मिशी, आमचा मान!"

"मंग तुमच्याच तोंडावर पाय द्यायचा मान दुसऱ्याला का द्यावा?"

हैबतरावांनी पट्टीवरच्या तोंडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे. तिकडे वेशीवर ढोल वाजू लागले होते. सरकारांनी जोडा काढला आणि दिला पाय स्वतःच्याच तोंडावर!

"आता दांडी?"

"सरकारांनी कशाला वाकायचं? त्याला हवालदार हाय की. पर त्यो कोठडीत हाय."

"मग आणा त्याला!"

कोंडिबा आला, वाकला आणि दाबू लागला. पाचपन्नास दणक्यांत चाक टणक झालं. सरकार खूश!

"माग, गोजरा, काय हवं ते माग!"

"वाड्यासाठी साधा लोखंडी पंप घ्या, सरकार. त्यावर कुनाचं तोंड नगं."

"का? या तोंडाला काय झालंय?"

"पाय उचलून बघा की! नाक कुठं ऱ्हायलंय? तीन वरसं धनी रोज तिथंच पाय द्यायचे!"

कोंडिबानं डोळे मिटून घेतले. हैबतरावांनी पाय उचलला. मिशा शाबूत होत्या, पण नाकाच्या जागी सपाट लोखंड चकाकत होतं! ते बघताच सरकार असे खदाखदा हसले, की त्यांच्या मिशीचा पीळ सुटला.

त्या दसऱ्याला सरकारांनी पहिलं सोनं गोजराच्या हातावर ठेवलं. आपट्याचं पान नव्हे, स्वतःच्या मनगटातलं कडं!