चावलेली काडी

भिंती बोलायच्या आणि माणसांना ते ऐकू यायचं, तेव्हाची गोष्ट. रानाकडेच्या एका पाड्यावर कुडाची भिंत शेण-गेरूने सारवून झाली होती. उद्या घरात लग्न होतं, आणि भिंतीवर लग्नाच्या चित्राचा चौक लिहिल्याशिवाय ते लागणार नव्हतं.

नवरीची मावशी चैती हिने तांदळाचं पीठ कालवलं आणि खारीच्या केसांचा कुंचला उचलला. त्याचे केस खरबरीत भिंतीतच अडकून राहिले. मग तिने बांबूची अणकुचीदार काडी घेतली.

"बाई, ही बोचते गं," भिंत कळवळली.

चैती काडीचं टोक चावून मऊ करायला गेली, तशी काडी ओरडली, "नको! टोक गेलं तर माझं उरलं काय?"

"तुझी मर्जी," म्हणून चैती थांबली. सावल्या लांबल्या. नवरी दारात येऊन कोऱ्या भिंतीकडे बघत राहिली. काडीने तिचा चेहरा पाहिला आणि हळूच म्हणाली, "चाव."

धुक्यासारखी पांढरी रेघ निघाली. झाडं उगवली, मोर आले, माणसं फेर धरून नाचू लागली.

चौक पुरा झाला तेव्हा काडी झिजून बोटभर उरली होती. "माझं टोक कुठं गेलं?" तिने विचारलं.

"ते काय," भिंत पेंगुळल्या आवाजात म्हणाली, "फेरात नाचतंय."