गडगडाट मंडळाचा म्होरक्या

बोरखिंड नावाच्या गावात एक भोळा गडी होता. त्याचं नाव बाळकू. भोळा म्हणजे किती भोळा, तर लहानपणी आई त्याला सांगून गेली, दुधावर लक्ष ठेव. बाळकूने लक्ष ठेवलं. दूध तापलं, वर आलं, उतू गेलं, चुलीत सांडलं, चूल विझली. आई परत आल्यावर त्याने हे सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट सांगितलं. एवढं लक्ष त्या गावात दुधावर कुणीच ठेवलं नव्हतं.

बाळकू मोठा झाला आणि त्याने मोटरसायकल घेतली. गावात मोटरसायकलवाल्यांचं एक मंडळ होतं, गडगडाट मंडळ. मंडळातले लोक पिवळी जाकिटं घालायचे आणि रविवारी एका रांगेत फिरायला निघायचे. कधी घाटात, कधी धरणावर, कधी नुसतंच लांब कुठेतरी मिसळ खायला. रांगेत सगळ्यात पुढे जो असेल तो म्होरक्या. हा मान इतकी वर्षं हणमंततात्यांचा होता. तात्या एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आता त्यांचा गुडघा कुरकुरायला लागला होता, म्हणून त्यांना नवा म्होरक्या तयार करायचा होता.

मंडळात हुशार माणसं पुष्कळ होती, आणि तीच अडचण होती. तात्या डावीकडे म्हणाले की एक जण म्हणायचा, उजवीकडून जवळ पडतं. दुसरा म्हणायचा, आधी चहा घेऊ. तिसरा तोवर मोबाइलवर नकाशा उघडून भलत्याच गावाला पोचलेला असायचा. तात्या या हुशारीला कंटाळले होते. त्यांना ऐकणारा माणूस हवा होता. अख्ख्या बोरखिंडीत तसा एकच होता.

बाळकूलाही म्होरक्या व्हायचंच होतं. त्याचं लग्न त्यात अडकलं होतं. शेजारच्या आंबवड्याच्या चौगुले गुरुजींची वैजू त्याच्या मनात होती. वैजूच्याही मनात बाळकू होता. गुरुजींच्या मनात मात्र तो अजिबात नव्हता. तात्या मध्यस्थी करायला गेले, तेव्हा गुरुजींनी चष्मा पुसत सांगितलं, "ज्याला चार माणसं धड नेता येत नाहीत, तो संसार कुठे नेऊन ठेवील कोण जाणे. आधी म्होरक्या होऊन दाखवू दे. मग बघू."

तात्यांनी बाळकूला बोलावून पहिला धडा दिला. म्होरक्याने कायम पुढे राहायचं.

रविवारी मंडळ धरणावर निघालं. बाळकू पुढे निघाला. एवढा पुढे निघाला की वेशीपाशीच तो कुणाला दिसेना. मागचे वाटेत चुकले, एकमेकांना फोन करत बसले, अर्धे तर उसाच्या फडात शिरले. ते कसेबसे धरणावर पोचले, तोवर बाळकू धरण बघून, कणीस खाऊन घरी येऊन झोपला होता.

"आरं, माणसं कुठं टाकलीस?" तात्यांनी विचारलं.

"मागं," बाळकू म्हणाला. "म्या पुढं हुतो की."

तात्यांनी कपाळावर हात मारला. मग शांतपणे दुसरा धडा दिला. आरशात बघायचं. आरशात मागे कुणी दिसेनासं झालं, की गाडी थांबवायची, आणि कुणी दिसेपर्यंत हलायचं नाही.

"आता चुकनार न्हाई, तात्या," बाळकू म्हणाला. आणि खरं सांगायचं तर ती चूक त्याने पुन्हा कधीच केली नाही. त्याने दुसरी केली.

दोन दिवसांनी त्याच्या मावसबहिणीच्या बाळाचं बारसं होतं. बाळकू आईला मागे बसवून निघाला. गावाबाहेर पडल्यावर त्याने आरशात बघितलं. मागे रस्त्यावर कुणी नव्हतं. त्याने गाडी बाजूला घेतली.

"का रं थांबलास?" आईने विचारलं.

"मागनं कुणी येऊ दे."

"मागनं कोन येनार हाय?"

"कुनीच न्हाई. म्हणून तर थांबलोय."

आई पदराने वारा घेत बसली. बऱ्याच वेळाने दुधाचा टेम्पो आला. बाळकूला आरशात टेम्पो दिसला, तो निघाला. पुढच्या फाट्याला टेम्पो डेअरीकडे वळला, बाळकू पुन्हा थांबला. मग एक बैलगाडी आली. तिच्यासोबत ते बैलांच्या चालीने बरंच पुढे गेले, पण बैलगाडीवाल्याला मध्येच डुलकी लागली आणि बैल चरायला उतरले. मायलेक बारशाला पोचले तेव्हा बाळाचं नाव ठेवून झालं होतं, घुगऱ्या संपल्या होत्या, आणि पाळणा शेजाऱ्यांकडे परत गेला होता.

आई घरी आल्यावर बाळकूला एक शब्द बोलली नाही. ती थेट तात्यांच्या घरी गेली आणि त्यांना बोलली. शेजारच्या आळीला ऐकू गेलं म्हणतात.

तात्यांनी बाळकूला पुन्हा बोलावलं. कुणासाठीही थांबायचं नाही, आपल्या माणसासाठीच थांबायचं. आणि आपला माणूस ओळखणं सोपं आहे, पिवळं जाकीट दिसलं की तो आपला. त्याला टाकून एक पाऊलही पुढे जायचं नाही.

"आता चुकनार न्हाई," बाळकू म्हणाला.

पुढच्या रविवारी मंडळ घाटात निघालं. बाळकू पुढे, मागे सगळी रांग, अगदी बघत राहावं असं चाललं होतं. घाटाच्या पायथ्याशी रस्त्याचं काम चालू होतं. तिथे रोडरोलर घुरघुरत होता आणि रोलरवर एक माणूस बसला होता. त्याने पिवळं जाकीट घातलं होतं.

बाळकूने हात वर करून मंडळ थांबवलं. रोलरवाल्यापाशी जाऊन म्हणाला, "चला."

"कुठं?"

"घाटात. तुमाला टाकून जाता येत न्हाई."

रोलरवाला बिचारा कित्येक दिवस त्याच तुकड्यावर मागेपुढे करत होता. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी कुठेतरी चला म्हणत होतं. त्याने रोलर वळवला आणि तो रांगेच्या शेवटी लागला. मंडळातल्या हुशार माणसांना हे दिसत नव्हतं असं नाही. पण तात्यांनी नुकताच दंडक घातला होता की नव्या म्होरक्याने केलेलं निमूट मान्य करायचं. शिवाय फुकटची गंमत कोण सोडतो? सगळे रोलरच्या चालीने घाट चढू लागले. बायका डोक्यावर मोळ्या घेऊन त्यांच्या बाजूने पुढे निघून गेल्या. वरच्या ढाब्यावर पोचेपर्यंत पिठलं गार झालं होतं, पण रोलरवाल्याने ते आवडीने खाल्लं आणि पुढच्या रविवारी कुठे जायचं आहे हेही विचारलं. इकडे ठेकेदार खाली रोलर शोधत फिरत होता. एवढी मोठी वस्तू खिशातून पडल्यासारखी कुठे गेली, ते त्याला कळेना.

तात्या त्या दिवशी कपाळावर हात मारून थांबले नाहीत, ओट्यावर खालीच बसले. मग त्यांनी चौथा धडा दिला. रस्त्यात अडचण आली, रोलर असो, खडी असो, खड्डा असो, तर तिला सोबत घ्यायचं नाही. हात हँडलवर ठेवायचे, त्या बाजूचा पाय बाहेर काढून अडचण दाखवायची आणि बाजूने निघून जायचं. मागच्याने तशीच खूण त्याच्या मागच्याला करायची.

"खूण आली की आपल्यापाशी ठेवायची न्हाई," तात्या एकेक शब्द तोडून म्हणाले. "मागं पोचवायची. एवढं एक ध्येनात ठेव, बाकी सगळं इसरलास तरी चालंल."

बाळकूने ते ध्यानात ठेवलं. आंबवड्यावरून जाताना पुढच्याच रविवारी त्याचा उपयोगही झाला.

रस्त्याच्या कडेने कुणीतरी चाललं होतं. हातात छत्री होती, चाल संथ होती आणि कडेचा बराच रस्ता अडला होता. बाळकूने बघितलं. अडचण होती. मग त्याने डावा पाय बाहेर काढला, नीट ताणून अडचणीला दाखवला आणि बाजूने निघून गेला. मागच्याने पाय दाखवला. त्याच्या मागच्यानेही दाखवला. अख्ख्या गडगडाट मंडळाने एकामागोमाग एक पाय दाखवला.

ती अडचण म्हणजे चौगुले गुरुजी होते.

गुरुजींना उभ्या हयातीत कुणी पाय दाखवला नव्हता, आणि आज रांगेने दाखवला. ते तसेच घरी गेले, छत्री खुंटीला लावली आणि या लग्नाला कायमचा नकार जाहीर केला. वैजू दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघरातून, आईच्या देखत, वडिलांना विचारलं, "सांगितलेलं जसंच्या तसं ऐकणारा एक तरी पुरुष आपल्या घराण्यात होऊन गेलाय का?"

गुरुजींनी आपल्या बायकोकडे बघितलं. बायको त्यांच्याकडेच बघत होती. गुरुजींनी चष्मा पुसला आणि लग्नाला होकार दिला, पण एका अटीवर. लग्नाच्या दिवशी नवरदेव आणि त्याचं मंडळ मुहूर्ताआधी मांडवाच्या दारात रांगेत हजर पाहिजे. जराही वेडेपणा झाला तर मुलगी दारातूनच आत जाईल, आणि ते दार पुन्हा उघडणार नाही.

तात्यांनी लग्नाच्या आदल्या रात्री बाळकूला शेवटचा धडा दिला. आजपासून पायाची खूण बंद. खूण हाताचीच करायची. मोठ्या माणसाने सांगितलेलं ऐकायचं. बाकी उद्या काही करू नकोस, कारण उद्या म्होरक्या मी आहे, तू फक्त माझ्या मागे राहा.

"चुकनार न्हाई," बाळकू म्हणाला. त्यालाही कळत होतं की आता आणखी एक चूक झाली की वैजू हातची जाणार.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त सकाळचा होता. मारुतीच्या पाया पडून मिरवणूक निघाली. पुढे तात्या, त्यांच्या मागे मुंडावळ्या बांधलेला बाळकू मोटरसायकलवर, मागे पिवळी जाकिटं, त्यांच्या मागे बँड आणि शेवटी करवल्या नि वऱ्हाडी. खरंच सांगतो, अशी देखणी रांग आंबवड्यात आली नव्हती. गुरुजी मांडवाच्या दारात उभे होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत चालला होता.

पण तात्या मध्यस्थ होते. मध्यस्थाला लग्नघरी कोण सोडतो? सकाळपासून त्यांना मुलीकडे सरबत, मुलाकडे चहा, मग पुन्हा मुलीकडे चहा असं चाललं होतं. मांडवाच्या अगदी दाराशी आल्यावर त्यांना धीर निघेना. बँड एवढा वाजत होता की बोललेलं ऐकू जायचं नाही. तात्यांनी मागे वळून बाळकूला हळूच करंगळी दाखवली, म्हणजे लघवीला जाऊन येतो, आणि ते गाडी घेऊन ओढ्याकडे पळाले.

बाळकूने करंगळी बघितली. खूण हाताची होती, पुढून आली होती. त्याने हात उंच करून करंगळी मागे दाखवली. पहिल्या पिवळ्या जाकिटाने ती दुसऱ्याला दाखवली, दुसऱ्याने तिसऱ्याला. बँडवाल्याने ताशाची एक काठी तोंडात धरून करंगळी वर केली. करवल्यांनी कलश सावरत केली. बाळकूच्या आईने सुद्धा केली, कारण सगळ्यांनी केली होती. अख्खं वऱ्हाड करंगळी वर करून गुरुजींच्या दारात उभं राहिलं.

गुरुजींची सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली होती. डोळ्यांनी करंगळी बघितली की तोंड आपोआप उघडायचं. त्यांना थांबायला वेळच मिळाला नाही.

"जा," गुरुजी म्हणाले. "पण एकेकाने. पहिला आल्याशिवाय दुसऱ्याने उठायचं नाही."

मोठ्या माणसाने सांगितलेलं ऐकायचं होतं. बाळकूने ते ऐकलं. त्याने एकेकाला ओढ्याकडे धाडलं आणि तो परत येईपर्यंत पुढच्याला हलू दिलं नाही. ज्यांना गरज नव्हती तेही गेले, कारण खूण आली होती. सनईवाला गेला तेव्हा सनई थांबली, भटजी गेले तेव्हा पंचांग थांबलं. मुहूर्त केव्हाच टळून गेला. गुरुजींना रागावायचं होतं, पण परवानगी त्यांनीच दिली होती. शेवटी ते दारातच उभे राहून, गेलेलं प्रत्येक पोर परत आलं की नाही, हे बघत बसले. वैजू आत हिरव्या चुड्याने भरलेले हात तोंडावर दाबून हसत होती.

भटजींनी गोरज मुहूर्त काढला. दिवस कलता कलता सगळे मांडवात जमले. अंतरपाट धरला. अलीकडे बाळकू हार घेऊन उभा, पलीकडे वैजू, तिच्या बाजूला गुरुजी. बाळकूच्या मागे सगळं मंडळ, बँड, वऱ्हाड, अक्षता मुठीत घेऊन. तात्यांनी बाळकूच्या कानात सांगितलं, आता काही न्हाई, आता फक्त हार घालायचा. बाळकूने मान डोलवली. भटजींनी सूर लावला आणि मंगलाष्टकं सुरू झाली.

गुरुजी सकाळपासून दारात उभे होते. सगळ्यांना पाठवता पाठवता त्यांचं स्वतःचं जायचं राहून गेलं होतं. आता त्यांना धीर निघेना. मंगलाष्टकांच्या आवाजात बोललेलं ऐकू गेलं नसतं. जावईच अगदी समोर होता. गुरुजींनी कुणाला दिसू नये अशा बेताने, अंतरपाटाच्या कडेने, त्याला हळूच करंगळी दाखवली.

बाळकूने बघितलं. खूण हाताची होती. मोठ्या माणसाची होती. आणि पुढून आली होती.

त्याने हार डाव्या हातात घेतला, उजवा हात उंच केला आणि खूण मागे पोचवली.